कातडीवरची नोंद कोणाची?

(बार्शी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्या गावात गिरणी बंद पडली आहे आणि तुरीच्या भावावर घरे उभी राहतात किंवा कोसळतात, त्या गावात अमेरिकेतल्या एका सुपरहिरोच्या चित्रपटावर बोलण्याचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी सिद्धांतातून न देता, ज्या प्रसंगामुळे हे भाषण करावेसे वाटले, त्या प्रसंगातून देतो.

आपल्या वर्गाला नियमित येणारा एक तरुण आहे. कैकाडी समाजातला. रंगाने काळा, आणि लहानपणापासून वस्तीत व शाळेत ‘काळ्या’ याच नावाने ओळखला गेलेला. मध्यंतरी तो हात झाकून बसू लागला. एके दिवशी बाही वर करून त्याने मला दंड दाखवला. दंडावर झेप घेणारा काळा चित्ता गोंदवून घेतलेला होता. ‘ब्लॅक पँथर’ हा चित्रपट त्याने मोबाइलवर तीनदा पाहिला होता. तो म्हणाला, “काका, पहिल्यांदा असं वाटलं, की काळं असणं म्हणजे राजा असणं.” आणि लगेच पुढे म्हणाला, “पण आता भरतीला गेलो तर हे चालणार नाही म्हणतात. आई चार दिवस बोलली नाही.”

सैन्यभरतीच्या नियमांत अंगावरच्या कायमच्या गोंदणाला हाताच्या ठरावीक भागापुरतीच मुभा आहे. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या जमातीच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी वेगळी सवलत आहे. आपल्या या मित्राला ती सवलत नाही, कारण कैकाडी समाज सोलापूर जिल्ह्यात विमुक्त जातींच्या यादीत आहे, अनुसूचित जमातींच्या नाही. हाच समाज विदर्भाच्या जिल्ह्यांत अनुसूचित जातींमध्ये मोडतो. म्हणजे माणूस तोच, भाषा तीच, कातडीही तीच. जिल्हा बदलला की सरकारच्या वहीतली नोंद बदलते.

त्याने मला विचारले, “काका, हा सिनेमा आपला आहे का?” या प्रश्नाला त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

अमेरिकेला जाण्यापूर्वी आपण जवळच थांबू. बार्शीहून तासाभराच्या आत परांड्याचा किल्ला लागतो. आपल्यापैकी पुष्कळांनी तो सहलीत पाहिला असेल, तोफा मोजल्या असतील. परंतु १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर निजामशाही ज्या परांड्यात पुन्हा उभी राहिली, ते हेच परांडे. आणि ती उभी करणारा पुरुष होता मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजारामागून बाजार आणि धन्यामागून धनी पाहत दख्खनेत आलेला हा हबशी. दुसऱ्या मूर्तझा निजामशहाला त्याने गादीवर बसवले आणि पुढे पाव शतक मोगलांच्या फौजा दख्खनेत अडवून धरल्या. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर झाले. त्या शहराला पाणी देणारी नहर त्याने बांधली आणि जमीनमहसुलाची घडी बसवली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला.

या माणसाचे चित्रण कसे झाले ते पाहा. सुमारे १६१६ च्या सुमारास जहांगीर बादशहाच्या दरबारात एक चित्र काढले गेले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य आहे, आणि समोर भाल्याच्या टोकावर खोवलेल्या मलिक अंबरच्या काळ्या मस्तकावर तो बाण सोडतो आहे. वस्तुतः ते मस्तक जहांगिराच्या हाती कधीच लागले नाही. रणांगणावर जे साधले नाही ते चित्रकाराच्या कुंचल्याकडून साधून घेण्यात आले. बादशहाने आपल्या आठवणींतही त्याचा उल्लेख रंगावरून हिणवणाऱ्या विशेषणांनी केला आहे. दख्खनेतल्या कर्तबगार राज्यकर्त्यांपैकी एक असलेला हा माणूस बलाढ्य सत्तेच्या चित्रात केवळ एक काळे डोके होऊन उरला.

प्रतिमेचे राजकारण चित्रपटाबरोबर जन्माला आले, असे कोणी समजू नये. ज्याच्या हाती कुंचला आणि खजिना असतो, तो दुसऱ्याच्या कातडीचा अर्थ ठरवतो. आपणही यात निर्दोष नाही. मराठी पडद्यावर आणि रंगभूमीवर सिद्दी म्हटला की पन्हाळ्याला वेढा घालणारा शत्रूच आपल्याला आठवतो. तो वेढा इतिहासात होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण परांड्याचा हबशी मुत्सद्दी आपल्या मुलांच्या मनात सिद्दी जौहरच्या शेजारी उभा का राहिला नाही, याचे उत्तर मोगल दरबाराला देता येणार नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल.

आता त्या चित्रपटाकडे येऊ. मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथेत ‘ब्लॅक पँथर’ हे पात्र १९६६ च्या उन्हाळ्यात अवतरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना केली. एक पँथर कागदावरचा, दुसरा रस्त्यावरचा. रस्त्यावरच्या पँथरांनी पोलिसांच्या अत्याचाराविरुद्ध गस्ती घातल्या, गरीब मुलांना सकाळची न्याहारी दिली, दवाखाने चालवले. आणि त्यांचे अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले वा मारले गेले. त्यांच्याच नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांना आपले नाते ओकलंडशी आहे असे वाटले, ही काही फॅशन नव्हती. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रो समाजाने केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती. आपल्या मित्राच्या दंडावरचा चित्ता त्याने मोबाइलवरून घेतला असेल; परंतु त्याला ठाऊक नसले तरी त्या चित्त्याच्या मागे मराठी माणसांची दीडशे वर्षांची वाट आहे.

२०१८ मध्ये रायन कूगलर या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने हा चित्रपट केला. कूगलर स्वतः ओकलंडचा. वाकांडा नावाचे एक काल्पनिक आफ्रिकी राष्ट्र. ते कधी गुलाम झाले नाही, त्याची खनिजसंपत्ती कोणी लुटली नाही, आणि विज्ञानात ते जगाच्या पुढे आहे. चॅडविक बोसमन हा नट राजा टीचालाच्या भूमिकेत आहे. २०२० मध्ये तो आजाराने गेला. पडद्यावर राजा काळा, सेनापती स्त्री आणि काळी, शास्त्रज्ञ मुलगी काळी. वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना ऑस्कर मिळाले. त्या त्या विभागात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. ज्या समाजाला पडद्यावर नोकर, गुंड किंवा विदूषक एवढ्याच जागा मिळत आल्या, त्या समाजातल्या मुलांना हे पाहताना काय वाटले असेल, ते आपण समजून घेतले पाहिजे. पुरोगामी मंडळींना एक खोड असते: लोकांना आनंद झाला की लगेच त्यातले भांडवलशाहीचे कारस्थान दाखवायचे. ती खोड आज बाजूला ठेवू. आपल्या मित्राला जे वाटले ते खरे होते.

परंतु खरे वाटणे आणि पुरे असणे यांत अंतर आहे.

त्या चित्रपटातला सर्वांत लक्षात राहणारा देह राजाचा नाही. तो त्याच्या शत्रूचा, किलमाँगरचा आहे. मायकेल बी. जॉर्डन या नटाने ती भूमिका केली. त्याची छाती, पाठ, दंड बारीक उंचवट्यांच्या ओळींनी भरलेले आहेत. इथिओपियातल्या मुर्सी आणि सुर्मा लोकांच्या अंगावरच्या नक्षीवरून रंगभूषाकारांनी ही कल्पना घेतली. काळ्याभोर कातडीवर शाईचे गोंदण उठून दिसत नाही. म्हणून आफ्रिकेतल्या अनेक लोकसमूहांनी वेगळी कला विकसित केली. कातडीला बारीक छेद द्यायचे, जखम मुद्दाम फुगून भरू द्यायची, म्हणजे वण कायमचे उंच राहतात आणि बोटांनाही वाचता येतात. मूळ लोकांत या वणांचे अर्थ अनेक: वयात येणे, सौंदर्य, कुळाची ओळख, धैर्य, काही ठिकाणी शत्रूला मारल्याची खूणही. चित्रपटात मात्र या सगळ्यांतून एकच अर्थ उचलला आहे: प्रत्येक वण म्हणजे एक खून. किलमाँगर हा अमेरिकेच्या सैन्याने घडवलेला मारेकरी असून आपल्या बळींचा हिशेब तो अंगावर ठेवतो.

येथे थोडे थांबून विचार करा. त्याच किलमाँगरच्या तोंडी चित्रपटातले सर्वांत खरे बोल घातले आहेत. लंडनच्या संग्रहालयात आफ्रिकी वस्तूंसमोर उभा राहून तो विचारतो, की तुमच्या पूर्वजांनी या काय किंमत देऊन विकत घेतल्या होत्या का? वाकांडाला तो विचारतो, की जगभर आपले लोक दडपले जात असताना तुम्ही संपत्तीवर बसून का राहिलात? हे प्रश्न आपलेच आहेत. पण ज्याच्या तोंडी हे प्रश्न, त्याच्याच अंगावर खुनांची मोजदाद. आणि शोषितांना शस्त्रे पाठवणारी त्याची विमाने पाडतो कोण, तर अमेरिकी गुप्तहेरसंस्थेचा अधिकारी, ज्याला चित्रपटाने सज्जन मित्र म्हणून रंगवले आहे. ज्या संस्थेने काँगोच्या पॅट्रिस लुमुंबांच्या हत्येचा कट रचल्याचे खुद्द अमेरिकन सिनेटच्या चौकशी समितीने १९७५ मध्ये नमूद केले, ती संस्था येथे आफ्रिकेची रक्षणकर्ती झाली आहे. शेवटी टीचाला ओकलंडमध्ये काही इमारती विकत घेऊन समाजसेवेचे केंद्र काढतो. एका अर्थी हा किलमाँगरचा विजयही आहे, कारण त्याच्याशिवाय राजाचे डोळे उघडले नसते, आणि राजा आपल्या पूर्वजांना तोंडावर सांगतो की तुम्ही चुकलात. दिग्दर्शकाचा प्रामाणिकपणा तिथे दिसतो. पण उत्तर म्हणून उरते ते दातृत्व. सत्तेची आणि संपत्तीची मालकी जिथल्या तिथे राहते.

आणि पडद्याबाहेरची मालकी? हा चित्रपट जगभर एक अब्ज तीस कोटी डॉलरच्या पुढे गेला. मार्व्हल २००९ पासून वॉल्ट डिस्ने कंपनीच्या मालकीची आहे. कातडी काळी, कथा काळी, दिग्दर्शक काळा. तिजोरी मात्र डिस्नेची. एवढे लक्षात ठेवून आपण घरी परतू.

कातडीवर खुणा करण्याची कला आपल्याला परकी नाही. आपल्यापैकी कोणाच्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवट ठिपका नव्हता? हातावर तुळशीचे वृंदावन, नक्षी, कधी नवऱ्याचे नाव. गोंदणारीण गावात यायची, ओसरीवर बसायची, काजळीत पाल्याचा रस कालवून सुयांनी टोचत जायची, वर हळद भरायची, आणि पोरगी रडू नये म्हणून गाणे म्हणायची. बाया म्हणत, की मेल्यावर सोनेनाणे इथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते. ज्या बाईच्या नावावर ना जमीन, ना घर, तिची हीच एक मालमत्ता होती, जी सासऱ्याला गहाण टाकता येत नव्हती.

ही कला घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बायांपैकी अनेकजणी भटक्या जमातींच्या असत. गावच्या लेकीसुनांच्या अंगावर त्या सौभाग्याची खूण उमटवत; आणि त्याच वेळी इंग्रज सरकार भटक्या जमातींच्या अंगावर दुसरीच खूण उमटवत होते. बंगाल व मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवण्याची पद्धत होती. ती १८४९ मध्ये कायद्याने बंद झाली. परंतु कपाळ सुटले तरी वृत्ती सुटली नाही. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याने एका माणसाला नव्हे, अख्ख्या जमातीला जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या लोकांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. सुई गेली, शाई राहिली. आपल्या सोलापूरला काटेरी तारेच्या आत या जमातींची मोठी वसाहत होती. लोक तिला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. तिथे हजेरी द्यावी लागे, बाहेर जायला पास लागे, आणि तिथल्या स्त्रीपुरुषांचे श्रम सोलापूरच्या गिरण्यांना मिळत. ज्या कायद्याने माणसाला गुन्हेगार म्हटले, त्यानेच त्याला स्वस्त मजूर बनवले. सोलापूरच्या कामगार चळवळीचा इतिहास सांगताना तारेच्या आतला हा कामगार आपण बहुधा विसरतो.

हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि हे लोक ‘विमुक्त’ झाले. परंतु गावात चोरी झाली की पहिली गाडी आजही कुठल्या वस्तीवर जाते, ते तुम्हाला ठाऊक आहे. कागदावरची नोंद पुसली गेली. बघणाऱ्याच्या डोळ्यांतली राहिली.

तेव्हा कातडीवरच्या खुणा दोन प्रकारच्या: एक, माणूस स्वतः मागून घेतो, दुसरी, त्याच्यावर लादली जाते. पण येथेही भाबडेपणा नको. मागून घेतलेली खूण प्रत्येक वेळी स्वातंत्र्याचीच असते असे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर जे भाषण केले, त्यात त्यांनी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि हातापायांतले कथलाचे व चांदीचे जड दागिने टाकून द्यायला सांगितले, कारण त्यांवरून जात ओळखू येत होती. बायांनी ते ऐकले. परंपरेतली म्हणून प्रत्येक खूण जपलीच पाहिजे, असे सांगणाऱ्यांनी महाडची आठवण ठेवावी. खूण टाकून देणे हेही बंड असते, आणि खूण घेणे हेही. कोणाच्या इच्छेने आणि कोणाला वाचता यावी म्हणून ती आहे, यावरून तिचा अर्थ ठरतो.

हाच निकष आता पडद्याला लावू. भारतीय चित्रपटाने दलित आणि श्रमिक माणसाची कातडी कशी दाखवली? १९३६ च्या ‘अछूत कन्या’त अस्पृश्य मुलगी झाली ती देविकाराणी, उजळ रंगाची अभिजात नटी. चित्रपटाचा हेतू त्या काळी धाडसाचा होता, हे मान्य केले पाहिजे. पण ऐंशी वर्षांनंतर काय? २०१९ च्या ‘सुपर ३०’मध्ये पाटण्याच्या गरीब घरातल्या शिक्षकाच्या भूमिकेसाठी हृतिक रोशन यांच्या चेहऱ्यावर काळपट रंग चढवला गेला. त्याच वर्षीच्या ‘बाला’ या चित्रपटाचा एक विषयच काळ्या मुलीची होणारी अवहेलना हा होता. तरीही तिच्या भूमिकेत भूमी पेडणेकर यांना रंग फासून काळे केले. काळ्या मुलीचे दुःख चालते, काळी मुलगी चालत नाही! गरिबी हा जणू रंगाचा डबा आहे. संध्याकाळी चेहरा धुतला की संपली.

या पार्श्वभूमीवर आपल्याच जिल्ह्याने काय केले ते पाहा. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातून आलेले नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ केला. तो फेब्रुवारी २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या या मुलाच्या भूमिकेसाठी त्यांनी करमाळा तालुक्यातल्याच केम गावचा, हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे निवडला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचा रंग रंगभूषाकाराने दिलेला नव्हता. तो उन्हाने आणि जन्माने दिलेला होता.

जब्याला वर्गातली गोरी शालू आवडते, आणि तो आपले नाक सरळ दिसावे म्हणून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून बसतो. प्रेक्षागृहात या दृश्याला हसू येते. पण विचार करा, त्या चिमट्यात आणि १८४९ पूर्वीच्या त्या सुईत काय फरक आहे? सुई सरकारच्या हातात होती. चिमटा जब्याच्या स्वतःच्या हातात आहे. जुलूम इतका आत शिरला, की आता बाहेरच्या माणसाची गरज उरली नाही. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली, ती याच चिमट्याची नळी. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्यावर जगभर लाट उठली, तेव्हा त्या मलमाच्या नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. नाव बदलले, व्यापार चालू राहिला.

त्याच चित्रपटात जब्याचे कुटुंब मारलेले डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. कोणी भाषण करत नाही. भिंत बोलते. भिंतीवरच्या प्रतिमा आणि भिंतीखालून जाणारी माणसे यांच्यामधले ते अंतर हेच आपल्या राजकारणाचे खरे मोजमाप. पुतळे वाढले, चित्रे वाढली, जयंत्या वाढल्या. डुक्कर कोणाच्या खांद्यावर आहे, ते बदलले का? आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे. वाकांडाचा राजा आपल्याला सुखावून घरी पाठवतो. जब्या घरी जाऊ देत नाही.

मला ‘फँड्री’ची आरती ओवाळायची नाही. मंजुळ्यांच्याच २०१६ च्या ‘सैराट’चे पुढे काय झाले, तेही पाहा. त्याने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सगळे विक्रम मोडले. अकलूजची रिंकू राजगुरू घराघरांत पोचली. आणि २०१८ मध्ये, ज्या वर्षी ‘ब्लॅक पँथर’ आला त्याच वर्षी, ‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ आला. कथा करमाळ्याहून उदयपूरला गेली, चेहरे मुंबईच्या चित्रपट घराण्यांतले आले, आणि जात विरघळून पाण्यासारखी झाली. गाणी बाजाराने उचलली. ज्या जातीय हिंसेसाठी चित्रपट केला होता ती उचलली नाही. बाजार प्रतिमा स्वीकारतो, पण तिच्यातला दगड काढून घेतल्यावर. डिस्नेने काळ्या पँथरचे जे केले आणि ‘धडक’ने परशाचे जे केले, त्यांत प्रकाराचा फरक नाही, केवळ कौशल्याचा आहे.

मग आपण काय करायचे? अशा भाषणाच्या शेवटी ‘समाज बदलला पाहिजे’ म्हणून टाळ्या घेणे सोपे असते. मी चार साधी कामे सुचवतो.

पहिले, आपल्या घरापासून. कार्यकर्त्यांच्या घरचे लग्न ठरवताना मुलगी ‘गोरी’ हवी हा शब्द जाहिरातीत, पत्रिकेत आणि स्थळे सांगणाऱ्या बायकांच्या बोलण्यात चालू देऊ नका. वस्तीत, वर्गात, पक्षाच्या बैठकीत कोणालाही ‘काळ्या’ म्हणून हाक मारली जात असेल तर ती थट्टा म्हणून सोडू नका.

दुसरे, बार्शी आणि आसपासच्या तालुक्यांत ज्या म्हाताऱ्या गोंदणारणी अजून आहेत, त्यांच्याकडून त्यांची गाणी, नक्षी आणि फिरस्तीची हकिगत लिहून घ्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये ज्यांचे बालपण गेले त्यांच्याकडूनही. पोलिसांच्या वहीत त्यांची नोंद झाली. त्यांनी स्वतः सांगितलेली नोंद व्हायची आहे. उपकार म्हणून नव्हे, त्यांच्या नावानिशी करा.

तिसरे, ‘ब्लॅक पँथर’ आणि ‘फँड्री’ हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ वस्तीवर दाखवा आणि नंतर बोलायला वस्तीतल्या मुलांना उभे करा. आपण मागे बसा. आणि पुढच्या वर्षी अभ्यासवर्गाची सहल परांड्याला न्या. तोफांबरोबर मलिक अंबरही पाहू.

चौथे आणि अवघड. आपल्या व्यासपीठाकडे पाहा. सतरंज्या कोण घालतो, हलगी कोण वाजवतो, आणि अध्यक्षीय भाषण कोण करतो? पक्षाच्या पत्रकावर काळ्या, राबलेल्या हातांचे चित्र छापणे सोपे. निर्णयाच्या बैठकीत तेच हात वर होतात का, आणि ते मोजले जातात का, हे पाहणे अवघड. ते होत नसेल तर आपल्यात आणि डिस्नेत फरक तिजोरीच्या आकाराएवढाच उरेल.

आता माझ्या तरुण मित्राला उत्तर देतो. तो आज येथे बसला आहे. त्याची परवानगी घेऊनच मी ही हकिगत सांगितली. तू विचारले होतेस, हा सिनेमा आपला आहे का? त्यातला अभिमान तुझा आहे. तो कोणाला परत करू नकोस. ओकलंडच्या रस्त्यावरचे पँथर आणि मुंबईचे पँथर तुझे आहेत. किलमाँगरचे प्रश्न तुझे आहेत. त्याला दिलेला शेवट तुझा नाही, आणि तिजोरी तर नाहीच. तुझ्या दंडावरचा चित्ता तू स्वतःच्या इच्छेने घेतला आहेस. तुझ्या आजोबांच्या बोटांवरची शाई त्यांच्या इच्छेने नव्हती. भरतीच्या नियमाचे काय करायचे, ते आपण अर्ज करून, कागद घेऊन, गरज पडली तर जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन पाहू. विदर्भातला कैकाडी आणि सोलापूरचा कैकाडी यांत भेद का, हा प्रश्नही त्या निमित्ताने पुन्हा विचारू. तुझ्या आईला मी येत्या रविवारी भेटायला येतो. तिच्या हातावर गोंदण आहे, हे मी मागे पाहिले आहे. ते कोणी काढले आणि कोणत्या गावात, हे तिलाच विचारू. तिच्या सांगण्यावरून आपल्या वहीतली पहिली नोंद होऊ दे.